रिसालदारांची उजवी बाही

आमच्या घरात जे बोलायचे त्यांना खरं ठाऊक नव्हतं, आणि ज्याला ठाऊक होतं त्याच्या तोंडात सकाळी नऊपासून दिवे लागेपर्यंत टाचण्या असायच्या. तो माणूस म्हणजे आमचे अप्पा. कानडी मुलखातल्या शिवरामपेठेत पुढे दुकान, मागे घर आणि मधे एक पडदा, असा आमचा संसार. अप्पा कोटाचे कारागीर. ट्रायलला आलेल्या गिऱ्हाइकाभोवती फिरत ते ओठांतून एकेक टाचणी काढून कापडात खोचायचे. काही विचारलं तर उत्तर दोनच : "हं" म्हणजे हो आणि "हंहं" म्हणजे नाही. काहीच आवाज आला नाही तर समजायचं, इथून नीघ. उलट आईचं तोंड म्हणजे दळणाचं जातं. तिचं वाक्य मराठीत सुरू व्हायचं आणि कन्नडमधून बाहेर पडायचं. "अय्यो, सुम्ने उभी काय राहिलीस इंदू, हुळी उतू चाललीय, नोडे!" सुम्ने म्हणजे उगाच, नोडे म्हणजे बघ आणि हुळी म्हणजे आमची आमटी. पुण्याकडचे पाहुणे आले की तेवढ्यापुरती ती आमटी व्हायची, ते गेले की पुन्हा हुळी.

मी तेव्हा सोळाची. शाळा सुटली की माझं काम काज-बटण करायचं आणि कच्चे टाके उसवायचं. आता माझ्या नातवंडांना बाही म्हणजे काय हेही इंग्रजीत सांगावं लागतं, तेव्हा कच्चा टाका काय ते सांगून टाकते. कोट पक्का शिवण्याआधी पांढऱ्या दोऱ्याने लांब लांब टाके घालून तो नुसता जोडतात. अंगावर चढवून बघतात, चुकलं असेल तिथे खडूने खूण करतात, दुरुस्त करतात आणि पक्की शिलाई झाली की ते पांढरे टाके उसवून टाकतात. माझ्या फ्रॉकवर, वेणीत, कधी कधी चित्रान्नाच्या भातातसुद्धा ते पांढरे दोरे सापडायचे. वर्गातल्या मुली मला दोरेवाली म्हणायच्या. मी चिडायचे, पण खोटं काय होतं त्यात?

दुकानात पडद्याच्या वर आजोबांचा फोटो होता. रंगोबा आजोबा. डोक्याला फेटा, फेट्यावर बिल्ला, अंगात गळाबंद काळा लष्करी कोट, आणि नजर अशी की समोरच्याने चूक कबूल करावी. आजोबा गेले तेव्हा अप्पा तेरा वर्षांचे होते आणि अप्पांचा धाकटा भाऊ, माझा मधूकाका, दीड वर्षाचा. मधूकाकाला बाप म्हणून ठाऊक होता तो हा फोटो. लहानपणी कधीतरी त्याने विचारलं असेल, बाबा सैन्यात होते का, आणि अप्पांच्या तोंडात तेव्हाही टाचण्याच असतील. मग आईने होकार भरला. आजोबांचं घोडं कुठल्या रंगाचं होतं तेही तिने सांगितलं. ती या घरात आली तेव्हा आजोबांना जाऊन कैक वर्षं झाली होती, पण म्हणून काय झालं? आमचा समाज विठ्ठलाचा भक्त, धंद्याने शिंपी आणि स्वतःला क्षत्रिय म्हणवणारा. सुईहून मोठं हत्यार आमच्यात कुणी धरलं नव्हतं. अशा समाजात घरात एखादा घोडेस्वार असला तर कुणाला नको असतो? आयुधपूजेला मशिनी, कात्र्या आणि इस्त्र्या यांच्या मधोमध आजोबांचा फोटो बसायचा. काचेवर गंध, कुंकू, वरून शेवंतीची माळ. वर्षानुवर्षं त्या गंधकुंकवाची पुटं काचेवर चढली होती. नजर तेवढी वर दिसायची, खांदे त्या पुटांखाली गेले होते.

मधूकाका मेटगळ्ळीच्या एका कारखान्यात फिटर होता. घरात सुईला हात न लावणारा तो पहिला पुरुष. तिशी उलटली तरी बिनलग्नाचा. कारण असं की त्याला सुशीला हवी होती. ही सुशीला वरच्या गल्लीतल्या हवालदारांची मुलगी. एकच ब्लाउज ती महिन्यातून तीनदा आणायची, एकदा सैल करायला, एकदा तंग करायला आणि एकदा पुन्हा सैल करायला, आणि तीनही वेळा नेमकी काकाच्या सुट्टीच्या दिवशी. तिचं माप बदलत नाही हे मला दिसत होतं तर अप्पांना दिसत नसेल? पण ते "हं" करून ब्लाउज घ्यायचे आणि काही न करता परत द्यायचे.

हवालदार मात्र अवघड असामी. आमच्या समाजात खरोखर बंदूक धरलेला तो एकटाच माणूस. आधी संस्थानच्या घोडदळात आणि मग देशाच्या फौजेत राहून पेन्शनीत आलेला. शिंप्याच्या पोटी जन्मून त्याने सुईला पाठ दाखवली होती आणि ते तो आल्यागेल्याला सांगायचा. आईने शब्द टाकला तेव्हा तो म्हणाला, "वहिनी, सीधी बात. सुईवाल्यांच्या घरात मुलगी द्यायची नाही, अशी मी शपथ घेतलीय. पण तुमचे सासरे घोडदळात होते म्हणता, तर ती गोष्ट निराळी. काहीतरी निशाणी दाखवा. बिल्ला, बटण, काहीही. फोटो काय, फोटोत मीसुद्धा राजा होईन." त्याला ठाऊक नव्हतं तो किती खरं बोलत होता.

निशाणी कुठून आणणार? मधूकाका दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने माझी भरतकामाची लाकडी रिंग मागितली. कुठल्याशा इंग्रजी मासिकात त्याने जमिनीतला धातू शोधायच्या यंत्राची कृती वाचली होती. रिंगेवर तांब्याची तार गुंडाळली, ती लांब झाडूच्या दांड्याला बसवली, आईचा ट्रान्झिस्टर दांड्याला बांधला, आणि एका रविवारी सकाळी आम्ही दोघं मेटगळ्ळीच्या वाटेवरच्या माळावर गेलो. तिथे पूर्वी संस्थानच्या घोडदळाच्या लाइनी, म्हणजे तबेले आणि बराकी होत्या. आता गुरं चरत आणि लवकरच तिथे प्लॉट पडणार अशी बोलवा होती. धातू जवळ आला की रेडिओची कुईकुई चढायची. मधेच शेतकऱ्यांचा कन्नड कार्यक्रम घुसायचा, आणि भाताच्या रोपांना पाणी किती द्यावं ते ऐकत आम्ही इंच इंच जमीन चाळायचो. गुराखी विचारायचे, "एनू, काय हुडकताय, अण्णा?" काका गंभीरपणे म्हणायचा, "वडिलांना." मला हसू यायचं. मग त्याचा चेहरा बघून हसू जिरायचं.

आता मॉलच्या दारात पोरी तसलंच यंत्र माझ्या पिशवीवरून फिरवतात, ते किंचाळतं, आतून मूठभर सेफ्टी पिना निघतात आणि त्या पोरी हसतात. हसोत बापड्या. तसल्या यंत्राच्या आवाजाने काय काय होतं ते मी एकदा पाहून बसले आहे.

पहिल्या रविवारी खिळे, नाल आणि साबणाची डबी सापडली. दुसऱ्या रविवारी बिल्ला! मातीने माखलेला, तळहाताएवढा, वर दोन तोंडांचा पक्षी, संस्थानचा गंडभेरुंड. काका नाचतच घरी आला. "दादा, सापडला! बाबांचा बिल्ला!" अप्पांनी तो घेतला. पुढची बाजू त्यांनी पाहिलीसुद्धा नाही, उलटा केला. मागच्या कडीत बोट घालून पाहिलं. मग त्यांनी तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढून टाचण्यांच्या गादीत खोचल्या, म्हणजे आता बोलणार हे आम्हाला कळलं.

"घोड्याचा," अप्पा म्हणाले.

"म्हणजे घोडदळाचा ना?"

"घोड्याचा. घोड्याच्या छातीवरच्या पट्ट्याचा. ही कडी बघ, जाड चामडं जाईल एवढी. कापडावर लावला तर लोंबकळेल." आणि टाचण्या परत तोंडात.

आईने पदर तोंडाला लावला. दीड वर्षाच्या पोराला बाप मिळाला तो घोडा निघाला, असं काहीतरी ती पुटपुटली. पण त्या दिवशी मला एक विद्या मिळाली. बिल्ला पुढून बघायचा नसतो. पुढून सगळ्यांवर तोच दोन तोंडांचा पक्षी, शिपायाच्या, चपराशाच्या, बँडवाल्याच्या आणि घोड्याच्याही. मागून बघायचं. कडी असेल आणि तिच्यातून पिन जात असेल तर तो कपडा धोब्याकडे जायचा, धुण्याआधी बिल्ला काढायला लागायचा. चार भोकं असतील तर कायमचा शिवलेला, म्हणजे दरबारी झगा, जो कधी धुतलाच जात नाही. पट्ट्यात ओवायची चीर असेल तर चपराशी. पुढच्या चार-पाच रविवारी जे सापडलं ते मी उलटं करून सांगायचे, अप्पा "हं" नाहीतर "हंहं" करायचे. आम्हाला दोन चपराशी, एक बँडवाला आणि अजून तीन घोडे मिळाले. काकाचा चेहरा आठवड्यागणिक उतरत गेला. सुशीलेला मंड्याचं एक स्थळ सांगून आलं होतं आणि हवालदार जाऊन घरही बघून आले होते. ब्लाउज यायचा बंद झाला.

मग एकदा कुईकुई झाली आणि दोन बोटांएवढा लहान, नाजूक बिल्ला निघाला. मागे दोन बारीक कड्या, फेट्याच्या कापडाच्या जाडीच्या. मी तो अप्पांना दाखवायच्या आधीच म्हणाले, "काका, हा डोक्यावरचा. माणसाच्या." काका तसाच घराकडे सुटला. घरी येऊन त्याने स्टुलावर चढून आजोबांचा फोटो खाली काढला. अप्पा कापड आणायला बाजारात गेले होते. आम्ही फोटो चौकटीतून बाहेर काढला आणि फेट्यावरचा बिल्ला घड्याळजीकडून मागून आणलेल्या भिंगातून पाहिला. तोच! पक्ष्याच्या पंखांची तीच ठेवण, खाली तीच पट्टी. काका ढसाढसा रडला. तिशी उलटलेला बाप्या गडी, फोटो छातीशी धरून "बाबा, बाबा" करत होता. मलाही रडू आलं. मग फोटो माझ्या हातात देऊन तो सुशीलेच्या गल्लीकडे पळाला.

भिंग माझ्याकडेच राहिलं होतं. मी सहज ते खाली सरकवलं. काच आणि गंधकुंकू नसलेला तो फोटो घरात कित्येक वर्षांत कुणी पाहिला नव्हता. काळ्या कोटाच्या कडेने, खांद्यावरून, बाही जिथे जोडतात त्या मुंढ्याभोवती पांढरे लांब लांब टाके होते. खांद्याजवळ खडूची एक तिरकी रेघ. रोज संध्याकाळी मी जे उसवत होते, तेच टाके.

मला कळायला क्षणसुद्धा लागला नाही. हा कोट कुणाचा तरी होता, अजून पुरा व्हायचा होता आणि माझे आजोबा तो अंगात घालून उभे होते. आजोबा शिंपी होते. अय्यो रामा! इतकी वर्षं आयुधपूजेला आम्ही योग्य माणसाला योग्य हत्यारांमध्ये बसवत होतो आणि कारण मात्र चुकीचं देत होतो.

काका धापा टाकत परत आला. हवालदार येत्या गुरुवारी फोटो आणि बिल्ला बघायला येणार होते. कितीही झालं तरी हवालदार शिंप्याच्या पोटचा. कच्चा टाका त्याला दिसल्याशिवाय राहणार नाही. काकाला सांगावं? तो बिल्ला साबणाने धुवत होता आणि गुणगुणत होता. दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवणं होऊन घर आडवं झालं तेव्हा, मी चित्रकलेच्या तासाची काळी शाई घेतली, सुईच्या टोकाला कापूस गुंडाळला आणि आजोबांच्या कोटावरचा एकेक टाका बुजवला. खडूची रेघही बुजवली. हात माझा साफ होता, काज-बटणाचा हात. फोटो चौकटीत घालून नवी काच बसवून आणली. आई म्हणाली, "नोड, कसे उजळले मामंजी!" इतकं चांगलं काम माझ्या हातून आयुष्यात पुन्हा होणार नाही, असं तेव्हा मला वाटलं होतं.

गुरुवारी हवालदार आले. मिशीला तूप, पायात कडक बूट. आईने मैसूरपाक आणि कॉफी मांडली होती. अप्पा तोंडात टाचण्या नसलेले बसले होते, त्यामुळे ते आम्हाला जरा परकेच वाटत होते. हवालदारांनी बिल्ला हातात घेतला, उलटा केला, नखाने खरवडला आणि उठून उभे राहिले.

"ही चांदी आहे," ते म्हणाले. "शिपायाचा पितळी असतो. हा अफसराचा! वहिनी, तुमचे सासरे साधे स्वार नव्हते हो, रिसालदार तरी असणार. माझ्या भरतीच्या आधीचे." मग त्यांनी फोटोकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं आणि टाच आपटून सलाम ठोकला. काकाने डोळे पुसले. हवालदार अप्पांकडे वळले. "तुम्ही थोरले. तुम्हाला आठवत असेल. काय सांगायचे ते?"

अप्पांनी फोटोकडे पाहिलं. त्यांची नजर कोटावर गेली, खांद्यावरून बाहीवर आली आणि तिथेच थांबली. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग काकाकडे. मला वाटलं, आता सांगणार.

"फार काही बोलायचे नाहीत," अप्पा म्हणाले. "त्या कोटासाठी मात्र त्यांनी खूप मेहनत घेतली होती."

"मेहनतीशिवाय हुद्दा मिळतो का!" हवालदार गरजले आणि त्यांनी मैसूरपाकाचा तुकडा तोंडात टाकला. लग्न ठरलं.

पाहुणे गेल्यावर अप्पा फोटोखाली उभे होते. मी कपबश्या उचलत होते. "टाके कुणी बुजवले?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, मी. मला वाटलं रागावतील, नाहीतर शाबासकी तरी देतील. ते खुर्चीवर बसले आणि एवढं बोलले, जेवढं त्यांनी मला सगळ्या आयुष्यात मिळून सांगितलं नसेल. कोट एका सरदाराच्या मुलाचा होता. तो अंगापिंडाने आजोबांसारखा, म्हणून आजोबा ट्रायल आधी स्वतःच्या अंगावर घ्यायचे. फोटोवाला शेजारी होता, त्याने हौसेने ओढून नेलं, फेटा आणि बिल्लाही त्या मुलाचाच चढवला. खडूचा डबा धरून अप्पा बाजूला उभे होते. "उजवी बाही मागे गेलीय, ती त्यांना त्या दिवशीच दिसली होती," अप्पा म्हणाले. "दोन सूत, पाव इंच, पुढे घ्यायची होती, म्हणून तर खडूची रेघ मारली होती. मग घेतली, अशी बसली बाही की तो मुलगा नुसता हात वर-खाली करून बघत राहिला. तसली बाही मला अजून जमलेली नाही. पण तो कोट गेला त्या मुलाबरोबर. राहिला हा फोटो. यात टाके होते, तोवर बघणाऱ्याला कळत होतं की काम अजून चाललंय. आता टाके नाहीत, रेघ नाही. आता हा पुरा झालेला कोट आहे, आणि त्याची बाही चुकलेली आहे."

मी म्हणाले, पाण्याने पुसू का? "हंहं," ते म्हणाले. "मधूचं लग्न होऊ दे." आणि त्यांनी टाचण्या तोंडात घेतल्या. मी न्हाणीघरात जाऊन रडले. लग्नाचा आनंद होता, तोही खराच होता.

मधूकाका आणि सुशीलाकाकूचा संसार चांगला झाला. काका रिसालदाराचा मुलगा म्हणून जगला आणि तसाच गेला. त्याला मी कधी काही सांगितलं नाही. लग्नानंतर हवालदारांनीच पुढाकार घेऊन तो फोटो विठ्ठल मंदिराशेजारच्या समाजाच्या हॉलमध्ये लावला, खाली पाटी : रिसालदार रंगोबा. आजोबांना ओळखणारी दोन-तीन म्हातारी माणसं तेव्हा हयात होती. मला धास्ती होती, पण विचारल्यावर त्यांनाही आठवलं. एकाने तर त्यांना घोड्यावरून पेठेत येताना पाहिलं होतं. अप्पा त्या हॉलमध्ये लग्नामुंजींना जायचे, पण फोटोकडे पाठ करून बसायचे.

आता दरवर्षी आयुधपूजेला मला पुढच्या रांगेत बसवतात, शाल देतात, वीराची नात म्हणून. भाषणं कन्नडमध्ये, जयजयकार मराठीत. नंतर लोक रांगेने फोटोपुढे येऊन हात जोडतात. पण हॉल शिंप्यांचा आहे. हात जोडून झाले की एखादा जुना कारागीर पाऊलभर मागे सरतो, मान तिरकी करतो आणि त्याचे डोळे बारीक होतात. मला लगेच कळतं. गेल्या खेपेला सोसले गावाहून आलेले एक म्हातारे होते, बोटांना सुईचे घट्टे पडलेले. ते माझ्याजवळ आले आणि कुणी ऐकू नये म्हणून खाली वाकून म्हणाले, "अम्मा, राग मानू नका. एवढा मोठा अफसर, आणि उजवी बाही अशी? कुणी शिवला हो हा कोट?"

"माहीत नाही," मी म्हणाले.